जाळ्याच्या आधी

हातोडीसारख्या डोक्याचा शार्क चित्रात आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. निळं पाणी, वरून झिरपणारा उजेड आणि त्यात दोन माणसांएवढा लांब, संथ फिरणारा हॅमरहेड. चेन्नईच्या कासिमेडू बंदरावर मात्र तो बहुतेकदा हातभर लांबीचा असतो. पहाटे लिलावाच्या ओल्या फरशीवर बांगडे, तारल्या, कोळंबी, माकुल यांचे ढीग पडलेले असतात. त्यांच्या कडेला लहान मुशींचा एखादा वाटा मांडलेला असतो आणि त्या वाट्यात दोन-चार डोकी आडवी पसरलेली दिसतात. इथले लोक त्याला कोंबन सुरा म्हणतात. सुरा म्हणजे मुशी. गर्दी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. सुरमई आणि पापलेट यांच्या बोलीकडे सगळ्यांचे कान असतात.

असं एक पिल्लू हातात घेऊन नीट पाहावं. विकणाऱ्या अक्काला आधी विचारावं. रविवारची झुंबड नसेल तर ती नाही म्हणत नाही. डोक्याची पुढची कड नागमोडी असते. मधोमध एक खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना आणखी खाचा. या खाचांवरूनच जात ओळखायची. मधली खाच असून कड अशी नागमोडी असेल तर ती स्फिर्ना लेविनी. मधली खाच नसेल तर स्फिर्ना झायगीना. कड जवळपास सरळ आणि पाठीवरचा पर फारच उंच व मागे वळलेला असेल तर तो मोठा हॅमरहेड, स्फिर्ना मोकॅरन. कासिमेडूच्या त्या वाट्यातली पिल्लं बहुधा लेविनीची असतात. डोकं अजून मऊ असतं, बोटानं दाबलं की कड थोडी वाकते. दोन टोकांना दोन डोळे. उलटं करून पाहिलं की पांढऱ्या पोटाकडचा भाग दिसतो. रुंद डोक्याच्या मानानं तोंड लहानसं, अर्धचंद्राकृती. तोंडाभोवती आणि डोक्याच्या सबंध खालच्या अंगावर बारीक बारीक छिद्रं, सुईनं टोचल्यासारखी, शेकड्यांनी. आणि छातीच्या दोन परांच्या मध्ये एक चीर. ती पुरती बुजलेली नसते. तिथं नाळ होती.

या एका चिरेवरून बरंच कळतं. ती अजून उघडी दिसते म्हणजे हे पिल्लू जन्मून फार तर काही आठवडे झाले असावेत. म्हणजे त्याची आई इथून फार लांब नसावी, आणि विण्यासाठी तिनं निवडलेली जागा आपल्या जाळ्यांच्या वाटेत आली.

माशाला नाळ असते ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. मासा म्हटलं की आपल्याला गाबोळी आठवते, लाखो अंडी, त्यातली काही जगतील, बाकीची दुसऱ्यांच्या पोटात जातील. हॅमरहेडचा संसार वेगळा आहे. गर्भ सुरुवातीला पिवळ्या बलकाच्या पिशवीवर वाढतो. बलक संपला की तीच रिकामी पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला जाऊन चिकटते आणि तिची वार होते. तिथून पुढं आईच्या रक्तातून पोषण. काही जातींत नाळेला झालरीसारखे फाटे फुटतात, त्यांतूनही गर्भ आजूबाजूच्या द्रवातून पोषण घेतो. हे सगळं तमिळनाडूच्याच पाण्यात पाहिलं गेलं आहे. मन्नारच्या आखातातल्या पंखडोक्या या आणखी एका हॅमरहेडच्या गर्भावस्थांचा के. के. अप्पुकुट्टन यांनी केलेला अभ्यास 1978 साली इंडियन जर्नल ऑफ फिशरीजमध्ये छापून आला. आपल्या मुंबईतही 1940च्या दशकात मत्स्यखात्यातले सेटना आणि सारंगधर हे दोघं मुंबईच्या पाण्यातल्या मुशी-पाकटांची नोंद करत होते, बंदरावर आलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ तपासत होते. तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेपुढं उभं राहिलेल्या किती जणांना ही नावं माहीत असतील? त्यांच्या कामाची आठवण मराठीत फार थोड्यांनी ठेवली आहे, आणि मला ते खटकतं.

लेविनीची मादी दहा ते बारा महिने पोट वाढवते. एका वेळी पंधरा-वीस, कधी तीसहून जास्त पिल्लं. ऐकायला ही संख्या मोठी वाटते. पण ती मादी वयातच येते दहा-पंधरा वर्षांनी. मोठ्या हॅमरहेडची मादी दोन वर्षांतून एकदाच विते. 2006 साली फ्लोरिडात गळाला लागलेल्या एका विक्रमी मादीचं वजन 580 किलो भरलं, आणि ती फाडल्यावर पोटात 55 पिल्लं निघाली. त्या विक्रमाची बातमी जगभर गेली. मला ती वाचताना वजनाच्या आकड्यापाशी थांबता आलं नाही.

विताना त्या आडव्या डोक्याचं काय होतं? पिल्लाच्या डोक्याची दोन्ही पाखं मऊ असतात आणि मागं, शेपटीकडे दुमडलेली असतात. बाहेर आल्यावर ती उलगडतात, हळूहळू कडक होतात. एवढी काळजी निसर्गानं घेतली आहे.

या किनाऱ्याला गाभण मुशीची ओळख फार जुनी आहे. पट्टिनप्पालै या संगमकाळातल्या तमिळ काव्यात कावेरीच्या मुखावरच्या पुहार बंदराचं वर्णन आहे. त्यातले कोळी पुनवेच्या दिवशी समुद्रावर जात नाहीत. ते गाभण सुराचं शिंग वाळूत रोवतात, त्यात दैवत आहे असं मानून पूजा करतात, मग खातात, पितात, खेळतात. शिंग म्हणजे करवत माशाची लांब करवत असावी, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. करवत मासे आज आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर इतके विरळ झाले आहेत की एखादा जाळ्यात आला तर त्याची बातमी होते. त्या काव्यातला दिवस मला वारंवार आठवतो तो पूजेसाठी नाही, त्या सुट्टीसाठी. समुद्र समोर आहे, होड्या आहेत, जाळी आहेत, आणि तरी आज जायचं नाही असं सगळ्या वस्तीनं मिळून ठरवलेलं आहे.

आता त्या डोक्याबद्दल. ते तसं का, याची उत्तरं माणसांनी बरीच दिली. पूर्वी असं समजत की ते विमानाच्या पंखासारखं काम करतं, जड शरीराला पाण्यात उचलून धरतं. 2020 साली आठ जातींच्या डोक्यांची संगणकावर प्रतिरूपं करून त्यांच्याभोवतीचा पाण्याचा प्रवाह तपासला गेला. उचल मिळण्याचा पुरावा सापडला नाही. उलट असलं डोकं ओढून न्यायला जास्त जोर लागतो. मिळतं ते वळणं. डोक्याची पातळी किंचित कलती केली की हा प्राणी जागच्या जागी फिरावा तसा फिरतो.

मग एवढा भार वाहायचा कशासाठी? पाहण्यासाठी, हे एक उत्तर. डोळे इतके लांब लांब असल्यावर समोरचं एकाच वेळी दोन्ही डोळ्यांना दिसणार कसं, अशी शंका येते. 2009 मध्ये मिशेल मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं. टोकदार नाकाच्या शार्कमध्ये दोन डोळ्यांच्या नजरा दहा-अकरा अंशांत एकमेकींवर येतात. लेविनीमध्ये बत्तीस अंशांत. पंखडोक्या हॅमरहेडमध्ये तर अठ्ठेचाळीस. म्हणजे डोकं जितकं रुंद तितका समोरच्या अंतराचा अंदाज पक्का. त्यात पोहताना डोकं डावी-उजवीकडं हलत असतं, त्यामुळं मागचंही दिसतं. वर, खाली, पुढं, मागं, सगळीकडं नजर. नाकाच्या अगदी पुढ्यातली एवढीशी जागा तेवढी अंधारात राहते.

नाकपुड्याही दोन टोकांना. वास ज्या बाजूला आधी पोचतो तिकडं शार्क वळतो, हे दुसऱ्या एका लहान शार्कवरच्या प्रयोगांत 2010 साली दिसून आलं. नाकपुड्यांमधलं अंतर वाढलं की तो वेळेतला फरकही वाढतो, तेव्हा हॅमरहेडला याचा फायदा होत असणार असं मानायला जागा आहे.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती त्या छिद्रांची गोष्ट. 1678 मध्ये स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन माणसानं पाकटजातीच्या माशांमधल्या या नळ्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय, हे कळायला पुढं जवळजवळ तीनशे वर्षं जावी लागली. छिद्रातून आत जाणारी प्रत्येक नळी चिकट रसानं भरलेली असते आणि तिच्या तळाशी विजेचा स्पर्श कळणाऱ्या पेशी असतात. जिवंत प्राण्याच्या अंगात वीज असतेच. हृदय आकुंचन पावतं, कल्ले उघडतात-मिटतात, स्नायू हलतो, आणि भोवतालच्या खाऱ्या पाण्यात विजेची अतिशय सूक्ष्म लहर उमटते. लेविनीच्या पिल्लांवर हवाईत प्रयोग झाले. एका सेंटिमीटरमागे एका व्होल्टच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी फरक असला तरी ती पिल्लं वळली. गंमत अशी की साध्या डोक्याच्या शार्कचीही जाणीव साधारण इतकीच तीव्र निघाली. हॅमरहेडला जास्त मिळालं ते क्षेत्र. तीच जाणीव त्याच्या डोक्यानं रुंद पट्ट्यावर पसरली आहे, त्यामुळं एका फेरीत समुद्रतळाचा जास्त भाग तपासून होतो.

पाकट वाळूत अंग पुरून पडलेलं असतं. दिसत नाही, हलत नाही, वासही नीट येत नाही. वरून मोठा हॅमरहेड डोकं झुलवत जातो आणि वाळूखालचं ते श्वास घेणं त्याला कळतं. मग तो झटकन वळतो, रुंद डोक्यानं पाकटाला तळाशी दाबून धरतो आणि त्याच्या पंखाचा लचका तोडतो. बहामा बेटांजवळ हे प्रत्यक्ष पाहून 1990 साली लिहून ठेवलेलं आहे. पाकटाच्या शेपटीचे विषारी काटे पकडलेल्या हॅमरहेडच्या जबड्यात आणि घशात रुतलेले सापडतात. त्यानं त्याचं काही अडत नाही.

सकाळच्या शांत वेळी या गोष्टीचा विचार करावा. ज्याला दुसऱ्याचं हृदय चालू असल्याचं वाळूच्या थराखालून कळतं, त्याचं जग कसं असेल? आपण डोळ्यांवर इतके विसंबून जगतो की जे दिसत नाही ते नाहीच असं धरून चालतो. त्याच्यासाठी समुद्राचा तळ म्हणजे ठिकठिकाणी चाललेली, थांबलेली, भ्यालेली जीवनं. या प्राण्याला आपण क्रूर म्हणत आलो. मला त्याच्यात दिसतं ते लक्ष. त्याचं सगळं डोकं लक्ष देण्यासाठी रुंद झालेलं आहे.

आणि ते कधी झालं हेही ऐकण्यासारखं आहे. डोकं हळूहळू रुंद होत गेलं असेल, आधी थोडं, मग आणखी थोडं, असं आपण गृहीत धरतो. जनुकांच्या 2010 सालच्या अभ्यासातून वेगळं चित्र आलं. सगळ्या हॅमरहेडांचा समान पूर्वज सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी होता, आणि त्या वंशवृक्षाची सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी म्हणजे हा पंखडोक्या, यूस्फायरा ब्लॉकाय. त्याच्या डोक्याची रुंदी अंगाच्या लांबीच्या जवळपास निम्मी असते. लहान, फावड्यासारख्या डोक्याच्या जाती नंतरच्या आहेत. पंखडोक्या अटलांटिकमध्ये नाही, अमेरिकेकडं नाही. तो इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ पाण्यात राहतो. म्हणजे आपल्या मुंबईच्या आणि चेन्नईच्या पाण्यात. ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो ते बर्लिनचे मार्कुस ब्लॉक. चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या तरंगंबाडीहून तिथले मिशनरी त्यांना मासे पाठवत असत. असा अतिप्राचीन वंशाचा एक वारस आपल्या घराजवळ आहे आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याचं नाव नाही.

मोठे झालेले हॅमरहेड आणखी किती गोष्टी करतात! मोठा हॅमरहेड एका कुशीवर कलून पोहतो. 2016 मध्ये त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून पाहिलं तेव्हा ते बराच मोठा काळ पन्नास ते पंचाहत्तर अंशांत कललेले आढळले. त्याचा पाठीवरचा पर छातीच्या परापेक्षा लांब असतो. कुशीवर झालं की तो पंखाचं काम करतो आणि श्रम वाचतात. लेविनी रात्री हवाईच्या खोल समुद्रात आठशे मीटरपर्यंत बुडी मारतो. वर पाणी सव्वीस अंशांचं, खाली पाच अंशांचं. तरी त्याचं अंग बहुतेक वेळ उबदार राहतं. 2023 साली मार्क रॉयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो खाली जाताना बहुधा कल्ले मिटून घेतो, म्हणजे श्वास धरतो. कल्ल्यांतून थंड पाणी गेलं की रक्त थंड होणार, म्हणून. हवेत श्वास घेणारा देवमासा श्वास धरून बुडी मारतो हे ठीक, पण पाण्यात श्वास घेणाऱ्यानं पाण्यातच श्वास धरावा!

दिवसा हेच लेविनी शेकड्यांच्या थव्यानं फिरतात. कॅलिफोर्नियाच्या आखातात समुद्रात बुडालेल्या एका डोंगरावर पीटर क्लिम्ली यांनी अनेक वर्षं त्यांचा माग घेतला. थव्यात माद्या जास्त. मोठ्या माद्या मधोमध जागा धरतात, लहानांना धक्के देऊन, अंगाला पीळ देऊन कडेला सारतात. रात्र झाली की थवा फुटतो, जो तो आपल्या वाटेनं शिकारीला जातो आणि पहाटे पुन्हा त्याच डोंगरावर परत येतो. काळोख्या पाण्यात वाट सापडते ती तळाच्या खडकांमधल्या चुंबकीय खुणांवरून, असं क्लिम्ली यांनी 1993 साली मांडलं. त्या डोंगरावरचे ते थवे पुढं मासेमारीत जवळजवळ संपले.

आता कासिमेडूच्या फरशीवर परत यायला हवं, कारण खरं दुखणं तिथं आहे.

हॅमरहेडचं डोकं त्याला जाळ्यात घातक ठरतं. साधी मुशी एखाद्या वेळी जाळ्याच्या डोळ्यातून निसटते. पिल्लाचं आडवं डोकं मात्र अडकतं आणि सुटायच्या धडपडीत जास्त गुंडाळलं जातं. या शार्कना श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं, तोंडातून पाणी आत येऊन कल्ल्यांवरून जायला हवं. अडकले की गुदमरतात. त्यातून हॅमरहेड झुंजतो फार. धडपडीत रक्तात आम्ल साठतं आणि सोडून दिल्यावरही बरेचसे मरतात. फ्लोरिडाच्या पाण्यात वेगवेगळ्या जातींचे शार्क गळाला लावून, तपासून, खूण बांधून सोडले गेले. मोठ्या हॅमरहेडची अवस्था सगळ्यात वाईट होती. म्हणून जिवंत सापडला तर सोडून द्या, ही सूचना कासवाला लागू पडते, देवमुशीला लागू पडते, या प्राण्याला फारशी नाही. ट्रॉलरवर जाळं वर येईपर्यंत पिल्लू बहुतेकदा मेलेलंच असतं. मेलेलं पिल्लू समुद्रात परत टाकण्यात कुणाचं भलं? खलाशानं ते बंदरावर आणलं तर मी त्याला दोष देऊ शकत नाही.

नियम झाले, ते चांगले झाले. 2013 साली केंद्र सरकारनं धोरण आणलं की पर कापून शार्कला पाण्यात टाकायचं नाही, सबंध शार्कच किनाऱ्यावर आणायचा. 2015 मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. हॅमरहेडच्या तीन मोठ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2013च्या बँकॉक परिषदेत नियंत्रणाखाली आला, बाकीच्या 2022 साली पनामात. परांचं सूप करणाऱ्या दूरच्या बाजारासाठी हे नियम आहेत आणि त्या बाजारावर लगाम हवाच होता. पण कासिमेडूतलं हातभर पिल्लू परांसाठी पकडलेलं नसतं. ते कोळंबीच्या आणि इतर मासळीच्या जाळ्यात आपसूक येतं आणि खाण्यासाठी विकलं जातं. इथं त्याचा सुरा पुट्टु होतो: मुशी हळद घालून उकडायची, कातडी काढून हातानं कुस्करायची, पाण्याचा अंश पिळून काढायचा आणि कांदा, आलं, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता यांवर परतायची. बाळंतिणीला दूध येण्यासाठी तो देतात. मालवणातल्या घरी मोरीचं कालवण ज्यांनी खाल्लं आहे त्यांना तो लगेच आपला वाटेल. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा असा सल्ला आरोग्यखाती देतात, एवढं मात्र त्या घरांतून सांगायला हवं. माया करणाऱ्या सासूला ते नीट सांगितलं तर ती ऐकते.

जगभरच्या पाहणीत लेविनी आणि मोकॅरन या दोन्ही जाती 2019 पासून अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदल्या गेल्या आहेत, नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. आणि त्यांना वाचवण्याची संधी आपल्या हातात असते ती जाळं पडण्याआधी. नंतर नाही. कुठल्या पाण्यात आणि कुठल्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, एवढ्यावर सगळं येऊन ठेपतं.

पिल्लं कुठं राहतात हे ठाऊक आहे. हवाईतल्या कानेओहे उपसागरात लेविनीची पिल्लं जन्मतात आणि पहिले काही महिने, वर्षभरही, तिथंच उथळ, गढूळ पाण्यात काढतात. दिवसा एकत्र तळाशी घुटमळतात, रात्री पांगून खाणं शोधतात. उथळ पाण्यातल्या उन्हानं त्यांची कातडी काळवंडते, हेही तिथंच मोजलेलं आहे. शिकार जमेपर्यंत बऱ्याच पिल्लांचं वजन घटतं. कित्येक उपाशी मरतात. मोठ्या शार्कपासून सुरक्षित राहण्यासाठी आई त्यांना अशा जागी सोडते आणि निघून जाते. चेन्नईच्या धक्क्यावर नाळेची खूण न बुजलेली पिल्लं येतात याचा अर्थ अशी एखादी जागा या किनाऱ्यालाही आहे.

तमिळनाडूत यांत्रिक बोटींना 15 एप्रिल ते 14 जून मासेमारी बंद असते. 2001 साली ती 45 दिवसांची होती, 2017 पासून 61 दिवसांची झाली. या काळात सरकार मच्छीमार कुटुंबांना मदतीची रक्कम देतं. आपल्याकडं पश्चिम किनाऱ्यावर हीच बंदी जून-जुलैत, पावसाबरोबर येते. बंदी चांगली आहे. त्या दोन महिन्यांत कासिमेडूच्या बोटी एकमेकींना टेकून उभ्या राहतात, जाळी विणली जातात, लाकूड तासलं जातं, रंग लागतो. पण ती सगळ्या मासळीचा सरासरी विचार करून ठरवलेली आहे. एका जातीच्या पिल्लांचे दिवस वेगळे असू शकतात, आणि किनाऱ्याजवळच्या लहान होड्यांना ती लागूही नाही. पिल्लं तर किनाऱ्याजवळच असतात.

केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचं चेन्नईत केंद्र आहे. तिथल्या शोभा जो किळाकुडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या शार्कसाठी राष्ट्रीय कृती आराखडा कसा असावा याची मार्गदर्शिका 2015 साली तयार केली. अशा आराखड्याचा जीव बंदरावरच्या रोजच्या नोंदीत असतो: कुठली जात, केवढी, पोटात काय, खूण बुजली की नाही. ही नोंद ठेवणारी माणसं कमी आहेत आणि बंदरं फार आहेत. पण दुसरीही एक नोंद आहे. मी अक्काला विचारलं होतं की हे वर्षभर येतात का. ती म्हणाली, छे, बारके सुरे काही दिवसच असे वाट्यानं येतात, मग दिसत नाहीत. कुठून येतात ते बोटीवरच्यांना विचारा, त्यांना ठाऊक असतं. तिला मी वेडगळ वाटलो नाही, याचा मला आनंद झाला. शेजारचा एक म्हातारा लगेच बोलायला लागला: किती वाव पाण्यात, कुठल्या वाऱ्याला, गढूळ असताना की निवळल्यावर.

अशी माहिती सातपाटीला असेल, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला असेल, मालवणच्या दांडीवर असेल. ज्यांनी लहानपणापासून पाणी वाचलं त्यांच्याकडं ती आहे. ती लिहून घ्यावी, संस्थेच्या नोंदींशी ताडून पाहावी, आणि मग तेवढ्याच पट्ट्यात, तेवढेच दिवस, लहान होड्यांचीही जाळी उचलायची असं त्या वस्तीबरोबर बसून ठरवावं. त्या दिवसांची भरपाई मोठ्या बंदीसारखीच द्यावी. कदाचित पंधरवडा पुरेल, कदाचित महिना लागेल. ते त्या म्हाताऱ्यासारख्या माणसांकडून आणि पिल्लांच्या पोटावरच्या चिरेवरून कळेल.